जुना फोन, नवा हात

आपल्याकडे वस्तू वापरून बघायला देण्याची पद्धत जुनीच आहे. मिक्सर घ्यायचा असेल तर शेजारच्या वहिनींचा आणून एकदा चटणी वाटून बघायची, सायकल घ्यायची तर मित्राची घेऊन पेठेतून एक फेरी मारायची. दुकानदाराच्या तासभर बोलण्यापेक्षा त्या एका फेरीवर आपला भरवसा जास्त! आपला जुना स्मार्टफोन मित्राच्या हातात देऊन "ठेव पंधरा दिवस, बघ जमतं का" म्हणणं हेही त्यातलंच. इतकं साधं, की त्याला काही इतिहास असेल असं वाटतसुद्धा नाही.

पण आहे. फोन ही वस्तू अशी या हातातून त्या हातात देता येण्याजोगी फार उशिरा झाली. आणि गंमत म्हणजे, जेमतेम पंचवीस-तीस वर्षांत ती पुन्हा देता येईनाशी होऊ लागली आहे. हा मधला काळ आपण सगळ्यांनीच जगलो आहोत, म्हणून त्याच्याकडे जरा मागे वळून बघू.

आधी घरातला काळा फोन आठवा. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आजोबांना विचारावं.) तो डबा आपल्या घरात असला तरी आपला नसायचा, टेलिफोन खात्याचा असायचा. नंबर एका माणसाच्या नावावर आणि एका पत्त्यावर. घर बदललं तर फोन 'शिफ्ट' करायला अर्ज. मुळात तो मिळायलाच वर्षानुवर्षं रांगेत थांबायचं. असा फोन मित्राला वापरून बघायला देणार कसा? वायर भिंतीत गेलेली!

मग आपण फोन देत नव्हतो, घर देत होतो. लग्नपत्रिकेवर किंवा व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे कंसात 'पी. पी.' लिहिलेलं असायचं, आठवतंय? म्हणजे हा नंबर शेजाऱ्यांचा, आम्हाला बोलावून देतील. रात्री नऊ वाजता समोरच्या काकूंनी गॅलरीतून हाक मारायची आणि आपण चपला न घालता धावत जायचं. बोलणं सगळ्या घरासमोर. नोकरी लागल्याची बातमी आधी काकूंना कळायची, मग आपल्या आईला. फोन एका जागी आणि माणसं त्याच्याभोवती, अशी ती व्यवस्था होती.

मोबाईल आला म्हणजे हे लगेच बदललं असं मात्र नाही. अमेरिकेतल्या पहिल्या पिढीच्या मोबाईलमध्ये नंबर त्या यंत्रातच भरलेला असे. फोन बदलायचा तर कंपनीच्या माणसाकडे जाऊन नवा फोन आपल्या नंबरासाठी तयार करून घ्यावा लागे. म्हणजे वायर गेली, पण नंबर आणि यंत्र यांची गाठ सुटली नव्हती.

ती गाठ सोडवली युरोपने. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगनमध्ये युरोपातल्या तेरा देशांच्या दूरसंचार कंपन्यांनी एका करारावर सह्या केल्या. सगळीकडे एकच मोबाईल पद्धत आणायची असं ठरलं. हीच ती जीएसएम. देश छोटे छोटे, माणसं सतत सीमा ओलांडणारी, तेव्हा ग्राहकाची ओळख यंत्रात न ठेवता एका कार्डात ठेवावी, म्हणजे कार्ड ज्या फोनमध्ये जाईल तो फोन त्याचा, असा विचार पुढे आला. १ जुलै १९९१ ला फिनलंडमध्ये या पद्धतीने पहिला कॉल झाला. काही महिन्यांपूर्वीपर्यंत पंतप्रधान असलेले हॅरी होल्केरी यांनी तांपेरे शहराच्या उपमहापौर कारिना सुओनियो यांना केलेला. ते नेटवर्क चालवणाऱ्या रेडिओलिंजा कंपनीला पहिली तीनशे सिमकार्डं म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरियंट या कंपनीने बनवून दिली. नोटा छापणारी ही जुनी कंपनी! पैशाची ओळख छापणाऱ्यांकडेच माणसाची ओळख घडवण्याचं काम गेलं, हा योगायोग मला फार आवडतो.

सिमकार्ड करतं तरी काय? त्यात एक ग्राहक क्रमांक असतो आणि एक गुप्त किल्ली असते. ही किल्ली कार्डाबाहेर कधीच येत नाही. नेटवर्क एक आकडा पाठवतं, कार्ड त्या आकड्यावर किल्ली वापरून उत्तर देतं, उत्तर जुळलं की तुम्ही म्हणजे तुम्हीच. आणि यंत्राची ओळख वेगळी, पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक. कोणत्याही फोनवर *#०६# दाबा, दिसेल. माणसाचा नंबर वेगळा, यंत्राचा नंबर वेगळा. फोन देण्याघेण्याच्या सगळ्या गोष्टी या एका फारकतीवर उभ्या आहेत.

भारतात मोबाईल आला तो ३१ जुलै १९९५ ला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला कॉल केला. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल मोबाईल ही तेव्हाची नावं. मिनिटाचा दर सोळा रुपयांपर्यंत, आणि आलेल्या कॉललाही पैसे! मोबाईल वाजला की लोक आधी नंबर बघायचे आणि तो कट करून पीसीओवरून फोन करायचे. अशा दिवसांत "घे, वापरून बघ" कोण म्हणणार? येणारे कॉल फुकट झाले ते १ मे २००३ पासून. माझ्या मते आपल्याकडे मोबाईल खऱ्या अर्थाने लोकांचा झाला तो त्या दिवशी. कारण आता नुसता फोन बाळगायला खर्च उरला नाही, आणि जुना फोन घरातल्या दुसऱ्या कुणाला देण्यात अर्थ आला.

त्याच २००३ च्या पावसाळ्यात रिलायन्सची ५०१ रुपयांची योजना आली. ते फोन सीडीएमए पद्धतीचे. त्यांत आपण काढू-घालू शकू असं सिमकार्ड नव्हतं, नंबर पुन्हा यंत्रातच! लोकांच्या हातात फोन आले खरे, पण ते देता येत नव्हते. योजना सोडली की फोनचा उपयोग संपला, तो मुलांच्या खेळण्यात गेला. दुसरीकडे त्याच वर्षी आलेला नोकिया ११००. टॉर्च, धूळ आत न जाऊ देणारा कीपॅड, आणि कुणाचंही जीएसएम सिम घाला, चालू. जगभर पंचवीस कोटींच्या वर खपला तो. घरातल्या किती हातांतून गेला याचा हिशेब मात्र कुणी ठेवलेला नाही. एकाच बाजारात शेजारी शेजारी ठेवलेले दोन फोन, एक देता येणारा आणि एक न देता येणारा. फरक फक्त नखाएवढ्या कार्डाचा.

आता स्मार्टफोनकडे येऊ. तसा पहिला मान आयबीएमच्या 'सायमन'ला देतात, १९९४ चा. बोटाने चालणारा पडदा, कॅलेंडर, ईमेल, फॅक्स... आणि बॅटरी तासाभराची! आपल्याकडे मात्र 'स्मार्टफोन' हा शब्द लोकांनी हातात धरून पाहिला तो नोकियाच्या सिंबियन फोनांमुळे, २००२ चा ७६५०, २००३ चा ६६००. पोट सुटलेल्या माणसासारखा दिसणारा ६६०० ज्याच्याकडे असेल त्याच्याभोवती हापिसात घोळका जमायचा. किंमत अनेकांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त. म्हणून तो विकत घेण्याआधी कुणाचा तरी चार दिवस वापरायला मागणं ही अगदी सर्रास गोष्ट होती.

आणि देणाराही सहज देत असे. कारण विधी सोपा होता. मागचं झाकण उघडा, बॅटरी काढा, तिच्याखालचं सिम काढा, फोटोंचं मेमरी कार्ड काढा. झालं! राहिलेले नंबर 'फोन मेमरी'त की 'सिम मेमरी'त एवढाच काय तो प्रश्न. फारच काळजी असेल तर *#७३७०# दाबून १२३४५ द्यायचं, फोन कोरा. बॅटरी थकली असेल तर कोपऱ्यावरच्या दुकानात नवी मिळे. नोकियाची बीएल-५सी तर इतक्या मॉडेलांना चालायची की पुढे ती रेडिओत आणि छोट्या स्पीकरांतही जाऊन बसली. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास कुणी ना कुणी तो फोन उघडून बसलेला असायचाच. देता येणारी वस्तू ही दुरुस्त करता येणारी वस्तूही असते, हे त्या काळाने शिकवलं.

माझा एक मित्र साताऱ्याकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होता. वर्तमानपत्र दुपारी अकराला गावात पोचायचं. त्याला फोनवर पेपर वाचायची फार इच्छा, पण आठ-दहा हजार रुपये घालून नाहीच जमलं तर? म्हणून मी नवा फोन घेतल्यावर जुना अँड्रॉइड त्याला दिला. "पंधरा दिवस ठेव, गुरुजी. नाही पटला तर परत दे." पहिल्याच दिवशी त्याचा फोन. "अहो, मराठी म्हणून नुसते चौकोन दिसतायत!" तेव्हाच्या कित्येक अँड्रॉइड फोनांना देवनागरी येत नव्हती. २०११ अखेर आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ती हळूहळू सुधारली. तोवर एकच खटपट होती. ऑपेरा मिनी उघडायचं, पत्त्याच्या जागी ऑपेरा:कॉन्फिग लिहायचं आणि अवघड लिप्यांसाठी अक्षरांची चित्रं वापरा असा पर्याय निवडायचा. मग अक्षरं चित्र बनून यायची. थोडी धुरकट, पण मराठी! त्याला ते फोनवर सांगून करवून घेतलं, तर संध्याकाळी परत फोन. आवाजच बदललेला. त्याने चार पेपर वाचले होते, शेजारच्या दोघांना वाचून दाखवले होते.

पंधराव्या दिवशी त्याने फोन परत दिला. "वाचायला झकास, पण आमच्याकडे दिवसाचे आठ-आठ तास लाईट नाही. हा संध्याकाळपर्यंत मान टाकतो. माझा टॉर्चवाला चार दिवस जातो." वर्षभराने लोडशेडिंग कमी झाल्यावर त्याने स्वतःच्या पैशाने नवा घेतला. मला त्याचं 'नाही' फार मोलाचं वाटलं. वापरून बघायला देण्यात हेच तर असतं. घेणाऱ्याला नाही म्हणता आलं पाहिजे, आणि नाही म्हटल्यावर दोघांचंही काही बिघडता कामा नये. दुकानात ही सोय नाही.

हे सगळं जमलं, कारण तेव्हा फोनमध्ये माणूस फारसा उतरलेला नव्हता. तो सिममध्ये होता, आणि सिम खिशात. पण अँड्रॉइड आणि आयफोन यांनी (पहिला आयफोन २००७ चा, आपल्याकडे ऑगस्ट २००८ पासून अधिकृत विक्री, पहिला अँड्रॉइड फोन २००८ चा) ओळखीची जागाच बदलली. माणूस आता खात्यात राहायला गेला. नंबर, फोटो, पत्रं, सगळं खात्याला बांधलेलं आणि खातं फोनला जोडलेलं. सिम काढलं तरी माणूस फोनमध्ये उरतोच.

मग चोऱ्या वाढल्या. महागडा फोन चोरायचा, सिम फेकायचं, विकायचा. म्हणजे ज्या सोयीने मित्राला फोन देता येत होता त्याच सोयीने चोरालाही तो विकता येत होता! उपाय म्हणून २०१३ मध्ये ॲपलने अशी कुलूपव्यवस्था आणली की फोन कोरा केला तरी आधीच्या मालकाचा पासवर्ड मागेल. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या ५.१ आवृत्तीतही तसंच कुलूप आलं. चोरीला आळा बसावा म्हणून हे योग्यच झालं. पण त्या दिवसापासून फोन देणं हे नुसतं हातात देणं राहिलं नाही, त्यावरचा आपला हक्क रीतसर सोडणं झालं. आपण खातं न काढताच फोन दिला आणि मित्राने घरी जाऊन तो कोरा करायला घेतला, तर फोन त्यालाच विचारू शकतो, तू कोण? मित्र आणि चोर यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो आपणच आधी सांगून ठेवावा लागतो.

दुसरा घाव बसला तो नेटवर्कचा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, फक्त ४जी. घराघरांत वडिलांना, आत्याला, गावच्या काकाला दिलेले चांगले चालणारे ३जी फोन त्या सिमला नकोसे झाले. यंत्र धडधाकट, पण त्याच्याशी बोलणारं कुणी नाही. त्यात व्हॉट्सॲपने २०१७ मध्ये सिंबियन आणि ब्लॅकबेरीची साथ सोडली. ६६०० आजही सुरू होईल, त्यावरचा सापाचा खेळही चालेल. पण तो कुणाला "वापरून बघ" म्हणून देणं म्हणजे पुरातत्त्व खात्याची सहल!

तिसरी गोष्ट पैशाची. २०१६ मध्ये यूपीआय आलं, त्याच नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि भाजीवाल्यापासून सगळ्यांकडे चौकोनी कोड लागले. यूपीआय सुरू करताना तुमच्या फोनवरून एक एसएमएस आपोआप जातो, तो कशासाठी? हे सिम, हा नंबर आणि हे यंत्र एकत्र आहेत याची खात्री पटवण्यासाठी. म्हणजे १९९१ ला सुटलेली गाठ बँकांनी पुन्हा बांधली. आज फोन देणं हे सायकल देण्यासारखं उरलेलं नाही, सही केलेलं चेकबुक देण्याच्या जवळ गेलंय.

आणि आता खुद्द कार्डच निघालंय. आधी ते लहान लहान होत गेलं. मायक्रो, मग २०१२ मध्ये नॅनो. दुकानांबाहेर 'सिम कापून मिळेल' अशा पाट्या लागल्या होत्या, तो काळ आठवा. २०२२ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मधून सिमची खाचच गेली. ई-सिम म्हणजे ओळख पुन्हा यंत्राच्या पोटात. ती हलवता येते, पण नखाने नव्हे, कंपनीच्या परवानगीने. वर्तुळ पुरं झालं म्हणायचं.

हा झाला यंत्राचा इतिहास. पण माझ्या मनात घोळतो तो घरातला. आपल्या घरांत जुने फोन कुठल्या दिशेने वाहतात, कधी बघितलंय? कमावत्या मुलाने नवा घेतला की त्याचा जुना वडिलांकडे. वडिलांचा आईकडे. आईचा, काच तडकलेला, कामाला येणाऱ्या मावशींकडे. उताराने पाणी जावं तसा. आईने स्वतःसाठी नवाकोरा फोन निवडून घेतला अशी घरं तुम्हाला किती माहीत आहेत? ६६०० च्या काळात या उताराचं तेवढं वाईट वाटत नसे. सिम बदललं की फोन पुरता तिचा होई. आज तसं नाही. मुलाचं खातं तसंच राहतं, त्याचे फोटो येत राहतात, बँकेचा ओटीपी मुलाच्याच नंबरावर. कोणतं ॲप घ्यायचं तर त्याचा पासवर्ड. आईच्या हातात फोन असतो, पण ती पाहुणी असते. पी. पी. नंबरवर शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात उभं राहून बोलावं तशी. फक्त आता शेजाऱ्यांच्या जागी आपला मुलगा.

म्हणून मला वाटतं, जुना फोन देताना देण्याची जुनी रीत पूर्ण पाळावी. आधी आपलं खातं काढावं, मगच फोन कोरा करावा. क्रम महत्त्वाचा. यूपीआय आणि बँकेची ॲप्स आधी बंद करावीत. घेणाऱ्याचं स्वतःचं खातं त्याच्या नावाने, त्याला आठवेल अशा पासवर्डने, त्याच्यासमोर बसून काढून द्यावं. आई असेल तर आधी आईचं. आणि बाहेरून जुना फोन घेत असाल तर १४४२२ वर केवायएम, मधे मोकळी जागा आणि मग आयएमईआय क्रमांक असा एसएमएस पाठवून तो क्रमांक बाद झालेला नाही ना हे बघावं. एक अर्धा तास जातो या सगळ्याला. पूर्वी झाकण उघडून सिम काढायला अर्धं मिनिट लागायचं. पण देण्याला आता तेवढी किंमत मोजावी लागते, त्याला इलाज नाही.

उलट दिशेनेही थोडं काही होतंय. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला स्वतः बदलता आली पाहिजे. झाकण पुन्हा उघडेल कदाचित. पण नंबराची आणि खात्याची गाठ कुठल्या नियमाने सुटायची नाही. ती देणाऱ्याने स्वतःच्या हातानेच सोडवायला हवी. वस्तू देणं सोपं असतं, तिच्यातून आपण बाहेर पडणं अवघड. ते जमलं तरच समोरच्याला ती खरोखर वापरून बघता येते, आणि नाही पटली तर बिनदिक्कत परत करता येते.